साबणाच्या सत्तावीस हाका

ओल्या चादरीचं एक टोक सासूबाईंच्या मुठीत होतं आणि दुसरं साबणताईच्या. दोन माणसांची जाड चादर. एकटीनं पिळायची म्हटली तर मनगटं ढिली व्हायची. म्हणून सासू-सुना गॅलरीत समोरासमोर उभ्या राहून, एक इकडे आणि एक तिकडे, पीळ देत. अर्धा पीळ बसला होता, बादलीत धार पडायला लागली होती, तेवढ्यात कठड्यावरचा फोन टुणकन वाजला. साबणताईनं मान वळवून पडद्यावरच्या चार ओळी वाचल्या आणि तिच्या हातातलं टोक सुटलं.

पीळ उलगडत चादर गरकन फिरली आणि सासूबाईंच्या पोटावर सपकन बसली.

"अगं, धर की! माझी अंघोळ झालीये सकाळी. दुसरी नकोय!"

फोन हातात घेऊन सून त्या ओळी पुन्हा वाचत होती, आणि ओठांच्या आतल्या आत देवाचं नाव घेत होती.

तिचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. नवरा बसगाड्या दुरुस्त करणारा. त्याच्या हातांचं ग्रीस कुठल्याच साबणानं निघेना आणि जे साबण ते काढत ते कातडीही सोबत नेत. म्हणून तिनं आपल्या मावशीकडून घरी साबण करायला शिकून घेतलं. खोबरेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. आधी नवऱ्यापुरता, मग शेजारापाजाऱ्यांपुरता, मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ठेवण्याइतका. बायका तिला साबणताई म्हणू लागल्या आणि तेच चिकटलं.

पण त्याच्याही आधीचं तिचं नाव, सासूबाईंनी ठेवलेलं, होतं भित्री भागूबाई. ती होतीच तशी. घराबाहेर पडताना गॅस दोनदा बघायची आणि जिन्याच्या तळाशी पोचून तिसऱ्यांदा वर यायची. सोड्याचा डबा कपाटाच्या डोक्यावर, दोरीनं बांधलेला, वर लाल रंगाची फुली. साबण करायच्या दिवशी दाराला आतून कडी, हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे, डोळ्यांवर पोहायचा चष्मा. तो अवतार बघून सासूबाई दरवेळी विचारत, "साबण करतेयस की बॉम्ब?" ती म्हणायची, "आई, थेंब उडाला तर डोळा जाईल." सोडा मोजताना ती कधी कुणाशी एक शब्द बोलली नाही. सहा वर्षांत तिच्या घरात कुणाला चिमूटभरही भाजलं नव्हतं.

साबण दोन प्रकारचा व्हायचा. अंगाचा साबण पिवळट, मऊ, तेल जास्तीचं. तो फळीवर सहा आठवडे वाळायचा आणि रोज त्याची कूस बदलावी लागायची. भांड्यांचा साबण मात्र कडक. त्यात सोड्याचा जोर मुद्दाम चढा, कारण करपलेल्या तव्याला मायेनं कुरवाळून भागत नाही. आणि गंमत अशी, की दिसायला सुंदर हा दुसराच. पांढराशुभ्र, गुळगुळीत, साय धरलेल्या दुधासारखा.

तर त्या सकाळी फोनवर आलेल्या ओळी अशा होत्या:

"ताई, तान्ह्या बाळासाठी साबण शोधत होते, तर तुमचाच पहिला दिसला. किती पांढरा, दुधासारखा! काल औषधाच्या दुकानात तुमचा फोटो दाखवून तोच घेतला. आमची चिमणी आज अठरा दिवसांची झाली. आज तिची साबणाची पहिली अंघोळ."

पुढे एक लाल बदाम. आणि वर साबणताईनं परवा टाकलेला फोटो: निळ्या ताटलीत रचलेल्या भांड्यांच्या साबणाच्या पाच पांढऱ्या वड्या.

"काय झालं काय पण?" सासूबाईंनी चादर बादलीत सोडली.

"आई, कुणीतरी भांड्यांचा साबण बाळाला लावतंय."

"कुणाच्या बाळाला?"

"माहीत नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"मीच सांगितलं त्यांना लावायला," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

तिनं सांगितलं होतं ते असं. वर्षभर ती फोनवर साबणाचे फोटो टाकत होती आणि तिच्या फोटोंना अकरा जणांची पसंती मिळायची, त्यातले चौघे घरचे. मग धाकट्या नणंदेनं तिला हॅशटॅग शिकवले. नणंद फोनच्या दुकानात कामाला, जिभेनं तिखट, मनानं लोणी. ती म्हणाली होती, "वहिनी, भर बाजारात उभं राहून 'अहो बाई' म्हणून ओरडलीस तर शंभर जणी वळतील आणि त्यातली एकही तुझ्याकडे येणार नाही. नुसतं #साबण लिहिणं म्हणजे तेच. नावानं हाक मार. #करपलेल्याभांड्यांसाठी लिही, आपल्या पाण्याच्या टाकीवरून #टाकीजवळ लिही. जिला हवंय तीच ओ देईल."

सासूबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. शब्दाआधीची ती चार रेघांची खूण बघून त्या म्हणाल्या, "हा तर आमच्या लहानपणीचा फुलीगोळा. आता यात फुली कुणी मारायची आणि गोळा कुणी?"

हाकेचा हिशेब साबणताईला पटला होता. पण भित्र्या माणसाला एक खोड असते: त्याला काहीच सोडवत नाही. एखादी हाक मारायची राहिली आणि तीच बाई निघून गेली तर? म्हणून तिनं दिसेल तो टॅग गोळा केला. शेजारणीच्या नातवासाठी एकदा अगदी मऊ साबण केला होता, तेव्हाचा #तान्ह्याबाळासाठी. ग्रीसच्या हातांसाठीचा. कोरड्या टाचांसाठीचा. असे सत्तावीस जमले. ते तिनं फोनच्या वहीत एकत्र लिहून ठेवले आणि प्रत्येक फोटोखाली ते आख्खं शेपूट चिकटवू लागली. नणंद ओरडली होती, "वहिनी, ज्या वडीचे टॅग त्या वडीला! चारच लाव, पण खरे लाव." ती हो म्हणाली आणि शेपूट चिकटवत राहिली. सोड्याचा कण न् कण तोलणाऱ्या बाईनं शब्द मात्र मुठीमुठीनं टाकले. शब्दानं कुणाला भाजतं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिनं उत्तर लिहिलं, "लावू नका, तो भांड्यांचा आहे." मग आणखी एक. मग आणखी एक. तिन्ही तशीच पडून राहिली, कुणी वाचलीच नाहीत. वाचणार कोण? बाळाला अंघोळ घालणारीचे दोन्ही हात बाळात असतात.

तिनं नणंदेला फोन लावला.

"बोल वहिनी. पटकन बोल, गिऱ्हाईक उभं आहे."

साबणताईनं सांगितलं. मग नणंदेचा आवाज खाली आला. "आधी ती पोस्ट उडव. आत्ताच्या आत्ता. उद्या कुणी दाखवली तर तुझं नाव, दादाचं नाव..."

साबणताईचं बोट पोस्ट पुसायच्या खुणेवर गेलं. एकदा दाबलं की फोटोही नाही, सत्तावीस हाकाही नाहीत आणि ती बाईसुद्धा नाही. कुणी विचारलं तर म्हणता येईल, मी कधी असं लिहिलं? गल्ली काय म्हणेल, नवऱ्याला कामावर काय ऐकावं लागेल, पोलीस, दवाखाना. सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. आणि त्या सगळ्याच्या मागे न पाहिलेलं एक अठरा दिवसांचं अंग, पातळ, तांबूस, ओलं.

"उडवली तर ती बाई मला सापडणार कशी?" ती म्हणाली. "आणि वर बसलेला बघतोच आहे गं. त्याच्या फोनमधून काय उडवणार?"

नणंदेनं सुस्कारा सोडला. "थांब. तिच्या फोटोवर बोट ठेव. तिचं खातं उघडेल. काय दिसतंय?"

नाव नव्हतंच, पिवळ्या फुलाचं चित्र होतं. खाली नऊ फोटो. सगळे लोकरीच्या विणलेल्या टोपऱ्यांचे.

"विकते बहुतेक," नणंद म्हणाली. "खाली टॅग काय लावलेत?"

"चारच आहेत. #लोकरीचीटोपरी. #मापघेऊनविणते. #टाकीमागचीगल्ली. #हिरवाजिना."

"बघ. चारच लावले आणि घर सापडलं. पळ आता, वहिनी. मी त्या खात्यावरून तिला फोन लागतो का बघते."

"चादर?" सासूबाईंनी विचारलं, आणि स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे चादर. जा तू. गॅस मी बघते. तीनदा बघते."

साबणताई घरातल्या चपलांनीच निघाली. पाण्याची टाकी तिच्या घरापासून दहा मिनिटांवर. रोज येता-जाता दिसायची, पण तिच्या मागे कधी जायची वेळ आली नव्हती. स्कूटर दुरुस्तीच्या दुकानासमोर टायर पसरले होते, त्यांना वळसा घालायला तिला वेळ नव्हता. ती त्यांच्यावर पाय देत गेली. मेकॅनिक ओरडला, "ओ ताई, सांभाळून! साबणाला आग लागली की काय?" एरवी ती हसली असती. आता आग हा शब्द ऐकून तिनं पाय आणखी उचलला.

शिकायला लागली तेव्हा, मावशीच्या घरी, तिच्या मनगटावर सोड्याच्या पाण्याचा एक थेंब उडाला होता. तांदळाच्या दाण्याएवढा डाग अजून होता. तो थेंब निव्वळ सोड्याचा होता, साबण त्याच्या मानानं किती सौम्य, हे तिला माहीत होतं. पण भीतीला हिशेब येत नाही. तिला नुसते डोळे दिसत होते. अंघोळ घालताना बाळाच्या डोक्यावरून पाणी ओघळतं, आणि त्याला डोळे मिटायचं अजून नीट कळत नसतं. "देवा, डोळ्यांत जाऊ देऊ नकोस," ती चालता चालता म्हणत होती. "काय करायचं ते माझं कर. मला दिसतंय तेवढं पुरे झालं. तिला अजून काहीच बघायचंय."

टाकीमागच्या गल्लीत दोन जिने होते. एक सिमेंटचा, उघडा. दुसरा लोखंडी, हिरव्या रंगाचा, रंगाचे पोपडे उडालेला. त्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून बाळाचं रडणं ऐकू आलं.

ते भुकेचं रडणं नव्हतं. तिला दोन मुलं होती, तिला फरक कळत होता. भुकेचं रडणं चढत जातं, मध्ये थांबून वाट बघतं. हे थांबत नव्हतं.

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचली. दार उघडंच होतं. आत मोरीपाशी एक तरुण बाई पाटावर बसलेली, साडी गुडघ्यांपर्यंत खोचलेली, पसरलेल्या पायांवर बाळ. शेजारी एक म्हातारी तांब्या धरून. आणि मोरीच्या कठड्यावर, तिच्या निळ्या ताटलीतली असावी तशी, एक पांढरी वडी. ओली.

"थांबा!" साबणताई ओरडली. "पाणी! नुसतं पाणी ओता! साबण नको!"

दोघींनी दचकून वर पाहिलं. "कोण तुम्ही?" म्हातारी म्हणाली.

"मी साबणवाली. तो साबण भांड्यांचा आहे. कुठे कुठे लावलाय? डोळ्यांना? तोंडाला?"

तरुण बाईचा चेहरा एका क्षणात पांढरा पडला. "पायाला," ती म्हणाली. "पायाकडून सुरुवात केली. एवढी किंचाळली की मी पुढे हात नेलाच नाही. मला वाटलं पाणी गरम आहे."

"मी म्हटलं ना पाणी कोमट आहे म्हणून," म्हातारी म्हणाली. "मी कोपर बुडवून बघितलं होतं."

साबणताई मोरीतच खाली बसली. म्हातारी धार धरत होती आणि साबणताई बाळाचा डावा पाय हातात घेऊन धूत होती, नुसत्या पाण्यानं, बोटांच्या बेचक्यांतून, पुन्हा पुन्हा. घोट्यापासून पोटरीपर्यंत लालसर पट्टा उठला होता. एवढासा पाय, तिच्या मुठीत आख्खा मावत होता. किती तांबे ओतले कुणी मोजले नाहीत. बादली संपली, दुसरी भरली. हळूहळू रडणं मधूनमधून थांबायला लागलं.

तेव्हा ती तरुण आई बोलली. आवाज चढला नव्हता, म्हणून ऐकणं जास्त कठीण गेलं.

"तुम्हीच लिहिलं होतं ना, तान्ह्या बाळासाठी?"

"हो."

"मी काय मनानं लावला? दहा ठिकाणी शोधलं. दुकानातले महागडे साबण बघितले. म्हटलं, ही आपल्यासारखीच बाई आहे, घरी करतेय, जपून करत असेल."

"हो."

"मग लिहिताना वाचलंत तरी का, काय लिहिलंय ते?"

साबणताईजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सत्तावीसचं शेपूट, शेजारणीचा नातू, दुकानातल्या खोक्यावर लिहिलेलं 'भांड्यांसाठी', जे सुट्या वडीवर नव्हतं. पण त्यातलं काहीही या पायापुढे ठेवण्यासारखं नव्हतं.

"नाही वाचलं," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. "चुकलं म्हणून पळत आलीस, हे एक बरं केलंस. आमच्या वेळी चुकणारे उलट दिशेला पळायचे." मग सुनेकडे वळून, "भांडण नंतर कर. आधी डॉक्टरीणबाईंकडे चल. कपडा गुंडाळ तिला."

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. बाकावर बसून साबणताई देवाचं नाव घेत राहिली, मोजून नव्हे, जसं येईल तसं. वडी तिनं रुमालात बांधून सोबत आणली होती, डॉक्टरीणबाईंना दाखवायला. त्यात काय काय आहे ते तिनं प्रमाणासकट सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. बाईंनी पाय उजेडात धरला, भिंगातून बघितला, डोळे बघितले, तोंड बघितलं.

"कातडी फुटलेली नाही," त्या म्हणाल्या. "चुरचुरतंय, म्हणून रडतेय. वेळेवर धुतलंत. साबण, तेल, पावडर, काही लावायचं नाही. फोड आला, ताप आला, दूध प्यायची थांबली, तर लगेच यायचं. नाहीतर संध्याकाळी परत दाखवा."

"म्हणजे ठीक आहे?" आईनं विचारलं.

"संध्याकाळी सांगते," बाई म्हणाल्या.

त्या 'संध्याकाळी'नं साबणताईच्या छातीवरचा दगड हलला, पण खाली उतरला नाही. बाहेर येताना बाळ आईच्या खांद्यावर झोपलेलं होतं, डावा पाय कपड्याबाहेर. तिनं संध्याकाळी येऊ का म्हणून विचारलं. आई बाळाला घेऊन पुढे निघाली. म्हातारी म्हणाली, "ये. आणि रिकाम्या हातानं ये. साबण आणू नकोस म्हणजे झालं."

पायरीवर उभं राहून साबणताईनं फोन काढला. नणंदेचे सहा फोन येऊन गेले होते. तिनं परत लावला.

"बाळ बरं आहे बहुतेक. पाय लाल झालाय."

"डोळे?"

"डोळे वाचले."

पलीकडे नणंद चक्क हुंदका देऊन हसली. "वहिनी, माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक मला पाणी देतंय बघ. आता ऐक. त्या पोस्टमधून तो टॅग तरी काढून टाक."

साबणताईनं फोटो उघडला. दोनशे बारा जणांची पसंती. एवढी तिला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. काल तो आकडा तिनं सासूबाईंना चष्मा लावून वाचायला लावला होता. आता तो आकडा बघून तिच्या अंगावर काटा आला. या दोनशे बारांत आणखी कुणाच्या घरी पाळणा असेल?

"काढत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ज्या हाकेला बाया आल्या, त्याच हाकेनं त्यांना परत पाठवायला हवं. ती हाकच काढली तर त्यांना कळणार कसं?"

नणंद म्हणाली, "मी शिकवलं आणि माझ्याच पुढे गेलीस."

साबणताईनं त्या फोटोखालचं सगळं पुसलं. वर लिहिलं: "हा साबण भांड्यांचा आहे. अंगाला लावू नका. बाळाला तर मुळीच नाही. चूक माझी आहे. लावला असेल तर नुसत्या पाण्यानं धुवा. घेतला असेल तर मला कळवा, मी घरी येऊन परत नेईन." खाली चारच टॅग लावले: #तान्ह्याबाळासाठी, #भांड्यांचासाबण, #टाकीजवळ, #परतद्या. प्रत्येक टॅग लिहिल्यावर तिनं तो मोठ्यानं वाचला. मग तोच मजकूर नव्या फोटोखाली पुन्हा टाकला. या वेळी फोटोत फक्त रुमालातली ओली वडी होती.

मग तिनं औषधाच्या दुकानात फोन केला. दुकानदाराला सगळं सांगितलं.

"पांढऱ्या ना? पाच होत्या," तो म्हणाला. "दोन शिल्लक आहेत. एक त्या टोपरीवाल्या पोरीनं नेली. एक स्कूटरच्या मेकॅनिकनं नेली, त्याला काही होत नाही, तो टायर खाऊनही जगेल."

"आणि पाचवी?"

"पाचवी..." तो थांबला. "काल बंद करायच्या वेळी एक बाई आल्या होत्या. त्यांनीही फोनवर फोटो दाखवला. ओळखीच्या नव्हत्या. बाळाचा लंगोट मागत होत्या बहुतेक. की नुसता कापूस? नक्की आठवत नाही, ताई."

घरी बादलीत अर्धी पिळलेली चादर होती, सासूबाई तीनदा गॅस बघून दारात उभ्या असतील, मुलांची शाळेतून यायची वेळ होत आली होती. तिनं फोनमधली ती सत्तावीस ओळींची यादी उघडली, पुसून टाकली आणि पदर खोचला.

"दुकान उघडं ठेवा," ती म्हणाली. "त्या बाईंना आणखी कुणी ओळखतं का ते विचारून ठेवा."

आता तिला औषधाच्या दुकानात जायचं होतं. उरलेल्या दोन वड्या उचलायला आणि पाचवी कुणाकडे गेली ते शोधायला.